राखणीच्या कुत्र्याला चटईवर निवांत पडायला शिकवताना

रॉटवायलरचा नर पूर्ण वाढला की 50 ते 60 किलोचा भरतो, डॉबरमन 40 ते 45, जर्मन शेफर्ड 30 ते 40. मुंबईतला हॉल मात्र 10 बाय 15 फुटांचा, आणि त्यातही अर्धी जागा सोफ्याने अडवलेली. बेल वाजते, हा ऐवज दाराकडे झेपावतो, कुरिअरवाला जिन्याकडे सरकतो आणि घरातलं कुणीतरी एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने पार्सल घेतं. मग ‘नकोच ते’ म्हणून कुत्र्याला बेडरूममध्ये कोंडायला सुरुवात होते. आत तो दार ओरबाडतो आणि पुढच्या बेलला दुप्पट जोराने उठतो.

चटईवर पडायला शिकवणं हा यावरचा चांगला इलाज आहे. पण नेमकं काय शिकवायचं ते आधी स्पष्ट हवं. ‘डाऊन’ आणि ‘स्टे’ येणारे कुत्रे खूप असतात. ते कोपरांवर ताठ, कान उभारून, मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडून बसतात. सोसायटीचा वॉचमन खुर्चीत बसलेला असला तरी ड्युटीवरच असतो, तसं ते बसणं. जरा खुट्ट झालं की उठायची तयारी. आपल्याला हवाय तो ड्युटी संपलेला कुत्रा: कंबर एका अंगावर टाकलेली, हनुवटी जमिनीला, श्वास संथ. राखणीच्या जातींना लक्ष ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही, तो त्यांचा पिढीजात धंदाच आहे. शिफ्ट बदलली हे मात्र सांगावं लागतं.

चटई कसली आणि कुठे

आधी अंथरायचं काय ते बघू, कारण निम्मी फसगत इथेच होते. मुंबईच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर जड कुत्र्याचे पुढचे पाय पसरतात, त्यामुळे तो बसायलाच बिचकतो किंवा एकदम धप्पकन पडतो. रोज कडक फरशीवर कोपर आपटून आधी तिथले केस जातात, मग कातडी जाड होते आणि काहींना कोपरावर पाणी भरलेली मऊ गाठ येते. तिला हायग्रोमा म्हणतात. सुरुवातीला ती दुखत नाही, पण घरी सुई टोचून पाणी काढायला जाऊ नका, आत जंतू गेले की भलतंच होऊन बसतं.

कुत्रा कुशीवर झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपने मोजा आणि वर 15 ते 20 सेंटिमीटर धरा. रॉटवायलर-डॉबरमनला साधारण 4 बाय 3 फूट लागतात. जाडी दीड-दोन इंच, फोम दाबल्यावर बोट फरशीला टेकता कामा नये. खाली गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी हवीच. चटई एकदा जरी पायाखालून सरकली, तरी काही कुत्री आठवडाभर तिच्याकडे संशयाने बघतात. हाडकुळ्या डॉबरमनला मऊ गादी आवडते. दाट केसांच्या कुत्र्याला मात्र एप्रिल-मेमध्ये फोमवर उकडतं आणि तो उठून थंड फरशीवर जातो. तो हट्ट करत नाहीये, त्याला उकडतंय. त्याच्यासाठी दिवसा जाड सुती सतरंजीची दुहेरी घडी आणि रात्री गादी असं ठेवा.

जागा दारापासून 8-10 फुटांवर, पाठीशी भिंत, येण्याजाण्याच्या वाटेत नाही. दार तिरकं दिसावं, पण समोरासमोर नको. दाराच्या अगदी समोर टाकलेली चटई म्हणजे पहाऱ्याची चौकी. दार अजिबात न दिसणारा कोपराही चालत नाही, कारण काय चाललंय ते बघायला कुत्रा उठतोच.

आणखी एक, राखणीच्या जातींसाठी फार महत्त्वाचं: शिकवायच्या दिवसांत चटई कायम अंथरलेली ठेवू नका. सत्र झालं की गुंडाळून कपाटावर. सतत पडून राहिलेली चटई कुत्र्याला ‘माझी’ वाटू लागते आणि मग तिच्याजवळून जाणाऱ्या मुलांवर तो गुरगुरू शकतो. शिवाय चटई उलगडण्याची क्रियाच थोड्या दिवसांत खूण बनते, हा वरचा फायदा.

पहिले तीन-चार दिवस

खाऊ मऊ हवा, गिळायला वेळ न लागणारा. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे 15-20 तुकडे. कुत्रा मोठा म्हणून तुकडा मोठा करू नका, मोजायचं ते तुकड्यांची संख्या. दिवसभरातला हा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा, नाहीतर महिन्याभरात वजन वाढून सांध्यांवर येतं. सत्र 3 ते 5 मिनिटांचं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. सत्रापूर्वी 30-40 मिनिटांचा हुंगत-हुंगत केलेला फेरफटका उत्तम. चेंडूमागे पळवून आणलेला कुत्रा थकलेला दिसतो, पण आतून तापलेला असतो आणि पडून राहत नाही.

चटई त्याच्यासमोर सावकाश उलगडा. बोलू नका, बोट दाखवू नका. कुतूहलाने त्याने एक पाय ठेवला की एक तुकडा चटईवर ठेवा. दोन पाय, तुकडा. चारही पाय आल्यावर हात थांबवा. आता काय करायचं, याचा विचार करत बहुतेक कुत्री बसतात आणि थोड्या वेळाने पडतात. पडला की पाच-सहा तुकडे एकामागोमाग एक. नाहीच पडला तर तुकडा नाकाला लावून सरळ खाली फरशीपर्यंत आणि तिथून पुढे, इंग्रजी ‘एल’ काढल्यासारखा, हळू न्या. कंबरेवर हात दाबून बसवणं पूर्ण बंद. दाबलं की कुत्रा उलट वर रेटतो. आणि रॉटवायलर, शेफर्डसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. तिथे दाब दिला की दुखतं आणि चटई म्हणजे दुखणं अशी गाठ डोक्यात बसते.

तुकडा कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. हातातून तोंडात दिलात तर कुत्रा मान वर करून तुमच्या हाताकडे टक लावतो. मान वर म्हणजे अंगही ताठ. तुकडा दोन पुढच्या पंजांच्या मधे, चटईला टेकवून, सावकाश ठेवायचा. तो खाली वाकून उचलतो, चाटतो, चटई हुंगतो आणि मान तिथेच थोडी रेंगाळते. पुढचा तुकडा ती रेंगाळलेली असतानाच. दहा-बारा वेळा असं झालं की मान आपणहून खाली जायला लागते. कंबर अजून सरळच असेल तर तुकडा नाकापासून हळूच एका खांद्याकडे न्या. मान वळते आणि कंबर उलट बाजूला कलंडते. कलंडल्याबरोबर तुकडा. यापुढे भाव कलंडलेल्या कंबरेलाच, ताठ बसण्याला नाही.

खरं सैलावणं ओळखायला शिका. डोळ्यांची उघडझाप संथ होते, कान बाजूला पडतात, ओठांचे कोपरे सैल होतात, एखादा मोठा सुस्कारा येतो. तो सुस्कारा ऐकू आला की ओरडून कौतुक करू नका. शांतपणे एक तुकडा ठेवा आणि गप्प बसा.

वेळ वाढवताना

चौथ्या-पाचव्या दिवसापासून दोन तुकड्यांमधलं अंतर वाढवा, पण चढत्या क्रमाने नाही. 2 सेकंद, 3, 2, 5, 3, 8, 4, 10 असं वरखाली. सारखं वाढतच गेलं तर प्रत्येक वेळ आधीपेक्षा अवघड होते आणि कुत्रा कंटाळून उठतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अर्ध्या मिनिटाला एक तुकडा आणि सलग 5 मिनिटं पडून राहणं, इतकं झालं तरी भरपूर.

तो उठला तर रागावू नका आणि तुकडाही दाखवू नका. थांबा. आपणहून परत पडला तर लगेच खाऊ न देता तीन-चार सेकंद जाऊ द्या, मग द्या. लगेच दिलात तर हुशार कुत्रा एक भलतीच साखळी शिकतो: उठलं, पडलं, मिळालं. डॉबरमन हे दोन दिवसांत पकडतो. एका सत्रात तीनदा उठला तर तुमचं अंतर जास्त आहे, निम्म्यावर आणा.

भटकत असेल तर हार्नेसला दोन मीटरची लीश लावून तिचं टोक पायाखाली धरा. पडता येईल, मान हलवता येईल एवढी ढील ठेवून. ओढण्यासाठी ती नाहीच. टीपॉयला बांधू नका. 45 किलोचा कुत्रा बेल वाजल्यावर टीपॉय, त्यावरचा चहा आणि रिमोट सगळं घेऊन दारापर्यंत जातो.

शब्द कोणता?

चटई उलगडली की तो जाऊन पडणारच, अशी तुमची खात्री झाली की मगच शब्द जोडा. त्याआधी बोललेला शब्द वाया जातो. मराठी घरात ‘बस’ हा शब्द निकामी आहे. पाहुण्याला बस, पोराला बस, वाढताना बस, भांडताना बस! ‘जागेवर’ किंवा नुसतं ‘चटई’ बरं. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा आणि एकदाच म्हणायचा. ‘चटई, चटई, अरे चटई ना!’ असं केलं की कुत्र्याला तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायची सवय लागते.

सोडायलाही शब्द लागतो, कारण शिफ्ट कधी संपली हे त्याने ठरवायचं नाही. ‘ओके’ आणि ‘चल’ फोनवर दिवसातून शंभरदा येतात आणि कुत्रा मधेच उठतो. ‘सुट्टी!’ हा छान चालतो. आधी ‘सुट्टी’, मग चटई गुंडाळणं, हा क्रम मोडू नका.

यानंतर घरातली हालचाल आणा: तुम्ही उठून दोन पावलं चाला, परत या, तुकडा ठेवा. मग स्वयंपाकघरापर्यंत. मग मिक्सर, मग कुकरची शिट्टी. नियम एकच: वेळ, अंतर आणि गोंगाट यातलं एक वाढवलं की बाकीची दोन कमी करायची. मिक्सर सुरू करताना तुम्ही चटईशेजारी हवेत आणि तो दहा सेकंदच चालवायचा. त्यासाठी दुसरं माणूस लागतं, तेवढी मदत घरच्यांकडून हक्काने घ्या.

दार

खरी परीक्षा इथे आहे आणि घाईही इथेच होते. किमान दोन आठवडे चटईचा सराव झाल्याशिवाय दाराला हात लावू नका. त्या काळात खरी माणसं येतच राहतात. तेव्हा कुत्र्याला आधीच आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा आणि डिलिव्हरीच्या सूचनेत ‘बेल वाजवू नका, फोन करा’ असं लिहा.

आपल्याच घराची बेल फोनवर रेकॉर्ड करा. कुत्रा चटईवर पडलेला असताना अगदी बारीक आवाजात वाजवा. कान हलला तरी चालेल, उठला नाही की तुकडा. आठ-दहा वेळा. दुसऱ्या दिवशी आवाज एक काडी वर. खऱ्या बेलएवढा झाला की घरातल्या कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल दाबायची. पुढे कडीचा आवाज. मग लाकडी दार उघडायचं, पण जाळीचं सेफ्टी डोअर बंदच. हे दुहेरी दार म्हणजे मुंबईच्या घरांना मिळालेलं वरदान आहे, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. जाळीतून घरच्याच माणसाशी दोन वाक्यं बोला, परत या, तुकडा ठेवा. मग ओळखीचा शेजारी. मग वॉचमन. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी. एका पायरीवर पाचपैकी चारदा तो पडून राहिला तर पुढची पायरी, नाहीतर मागची. सगळी शिडी चढायला तीन ते सहा आठवडे लागतात. दोन वर्षांच्या, दारावर भुंकायची जुनी सवय असलेल्या कुत्र्याला याहून जास्त.

एक-दोन भुंकणं राहू द्या. राखणीचा कुत्रा कुणी आलंय हे सांगणारच, आणि त्याने सांगावं म्हणूनच बरेच जण तो आणतात. ‘कळलं रे’ असं सहज म्हणा आणि मग ‘चटई’. काही आठवड्यांनी बेल वाजल्यावर कुत्रा दोनदा भुंकून स्वतःच चटईकडे वळतो, कारण आता बेल हीच चटईची हाक झालेली असते.

गुरगुरण्याची गोष्ट वेगळी. गुरगुरल्याबद्दल ओरडा किंवा फटका कधीच नको. गुरगुरणं म्हणजे ‘मला हे सोसत नाही’ असं दिलेलं सभ्य उत्तर. ते दाबलं की सूचना बंद होते आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. पाहुण्याला लांब न्या, त्या दिवसाचं सत्र थांबवा, दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खालून सुरू करा.

पाहुणा आत आला की त्याने कुत्र्याकडे टक लावायची नाही, वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, सरळ सोफ्यावर बसायचं. ‘मला कुत्र्यांची सवय आहे’ म्हणणारे पाहुणे सगळ्यात धोकादायक. त्यांना आधी बजावा. दहा मिनिटं झाल्यावर कुत्रा सैल असेल तरच लीशवर हुंगू द्या, आणि नाही हुंगला तरी काही बिघडत नाही. कामाला येणाऱ्या मावशी कुत्र्याला घाबरत असतील तर त्यांच्यावर प्रयोग करू नका. त्यांच्या वेळात कुत्रा आतल्या खोलीत.

बिघडतं कुठे

चटई फक्त पाहुणे आल्यावर काढली तर उलगडताच कुत्र्याच्या छातीत धडधड सुरू होते, कारण त्याच्या हिशेबी चटई म्हणजे पाहुणे. दहा सत्रांतली आठ तरी काहीच न घडणारी, कंटाळवाणी हवीत. तुम्ही पेपर वाचताय, तो पडलाय. शिक्षा म्हणून ‘जा चटईवर!’ म्हटलं तर महिन्याचं काम एका संध्याकाळी जातं. आजी जेवताना टेबलाखालून पोळीचा तुकडा देत असतील तर चटई हरणारच. त्यांना थांबवण्यापेक्षा तो तुकडा चटईवर नेऊन ठेवायचं काम त्यांनाच द्या. मात्र शिऱ्यातले मनुके, द्राक्षं, कांदा-लसणाची भाजी आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, हे त्यांना नीट सांगा. लहान मुलांनी कुत्रा चटईवर असताना तिकडे फिरकायचं नाही, लाडानेही नाही.

आठ ते अठरा महिन्यांच्या वयात शिकलेलं सगळं विसरल्यासारखं होतं. वयात येण्याचा तो काळ असतो. अंतर कमी करा आणि चालू ठेवा. चांगला पडणारा मोठा कुत्रा अचानक पडायला नाखूश झाला, एकाच कुशीवर झोपू लागला किंवा उठताना कण्हू लागला तर शिकवणं थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा. खुबा, कोपर, कान, काहीही असू शकतं. चटईजवळ कुणी आलं की अंग ताठ करून डोळे वटारत असेल, किंवा आधी कुणाला चावला असेल, तर हे घरगुती सत्रांचं काम नाही. वर्तनाची माहिती असलेल्या पशुवैद्याचा आणि मारझोड न करणाऱ्या ट्रेनरचा सल्ला घ्या. तोंडाला मुसकी बांधावी लागलीच तर टोपलीसारखी घ्या. कापडी आवळ मुसकीत तोंड उघडत नाही, आणि धापा टाकणं हाच कुत्र्याचा अंग थंड ठेवायचा मुख्य मार्ग आहे. आपल्याकडच्या दमट हवेत ती जिवावर बेतू शकते.

हवामान आणि सण

मे महिन्यात दुपारी दोन वाजता सत्र घेऊ नका. जीभ रुंद पसरून धापा टाकणारा कुत्रा सैलावू शकत नाही. सकाळी सातच्या आत किंवा रात्री जेवणाआधी, पंख्याखाली. पावसाळ्यात चटई सुकत नाही, म्हणून दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. ओलसर फोमला वास येतो आणि पोटाच्या-काखेच्या कातडीला खाज सुटते. फेरफटक्यावरून आल्यावर पंजे पुसणं चटईवरच करा: एक पंजा, एक तुकडा. गोचिड्या त्याच वेळी बोटांच्या बेचक्यात सापडतात. रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर तासभर तरी उड्या-धावपळ नको. त्या वेळात चटईवर पडून राहणं मात्र अगदी योग्य.

गणपतीत घरी दिवसभर माणसं येत असतील तर सहा आठवडे शिकलेल्या कुत्र्याकडूनही दिवसभराची अपेक्षा नको. सकाळी ओळखीची दोन-चार माणसं असताना 20 मिनिटं चटई, मग ‘सुट्टी’, आणि बाकीचा दिवस आतल्या खोलीत, पंखा, पाणी आणि चघळायला काहीतरी देऊन. विसर्जनाच्या ढोल-ताशाला आणि दिवाळीच्या फटाक्यांना तर चटई काढूच नका. भीतीने थरथरणाऱ्या कुत्र्याला त्यावर बसवलं तर ती भीतीची जागा होते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तो पलंगाखाली शिरला तर शिरू द्या. दुसऱ्या दिवशी सगळं शांत झाल्यावर चटई उलगडा आणि सुरुवातीच्या दोन सेकंदांपासून सुरू करा.